आजाऱ्याचा बाजार

(शहरातील वाचनालयाच्या व्याख्यानमालेत आम्ही केलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या दिवशी ज्यांना येता आले नाही अशा वाचकांच्या आग्रहावरून तो येथे देत आहोत.)



सीमेवरच्या वृत्तपत्राचा संपादक व्यासपीठावर उभा राहिला की तो कोणत्या विषयावर बोलणार, हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. आज आम्ही त्यांची निराशा करणार आहोत. आम्ही बोलणार आहोत ते दवाखाना, औषध आणि त्यांचा हिशेब मांडणारे विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञ यांच्याविषयी. आम्ही वैद्य नाही आणि अर्थशास्त्रज्ञ तर त्याहून नाही. कलाशाखेची पदवी आणि वर्तमानपत्राचा धंदा एवढेच आमचे भांडवल. तरीही हा विषय आम्ही का निवडला, ते आधी सांगितले पाहिजे.

आमच्या कचेरीत आठवड्यातून दोन-तीन माणसे हमखास एकाच कामासाठी येतात. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते, पिशवीत क्ष-किरणांचे फोटो असतात आणि इस्पितळाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक असते. मदतीचे आवाहन छापून आणावे, एवढीच त्यांची विनंती असते. आम्ही ते छापतो. आपण वाचता, यथाशक्ति मदत पाठवता, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी पिशवी येते. काही काळापूर्वी खानापूरकडील एक शेतकरी असाच आला. मुलाच्या हृदयाची झडप बदलायची होती. त्याच्यापाशी दोन इस्पितळांची दोन अंदाजपत्रके होती. आजार एक, रोगी एक, शस्त्रक्रियेचे नावही एक; पण दुसऱ्या कागदावरचा आकडा पहिल्याच्या जवळजवळ निम्मा! आम्ही दोन्ही कागद उलटसुलट करून पाहिले आणि परत केले. तेव्हा तो म्हणाला, "साहेब, बैल घ्यायचा म्हटला तर मी दात बघतो, चाल बघतो, चार माणसांस्नी विचारतो. हितं काय बघायचं?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. त्याचे आवाहन छापले, पैसे जमले, शस्त्रक्रिया झाली, मुलगा बरा होऊन घरी गेला. पण तो प्रश्न आमच्या टेबलावरच राहिला. उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, नेमका हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने आपल्या शास्त्राच्या भाषेत विचारला होता आणि तेव्हापासून त्यावर एक स्वतंत्र शास्त्रशाखाच उभी राहिली आहे.

त्या प्राध्यापकांचे नाव केनेथ ॲरो. ते स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत. अर्थशास्त्राच्या उच्च गणितात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. १९७२ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. वैद्यकाशी त्यांचा पूर्वी काही संबंध नव्हता. फोर्ड प्रतिष्ठानाने त्यांना या क्षेत्राकडे सिद्धान्ताच्या दृष्टीने पाहावयास सांगितले, आणि १९६३ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आज आरोग्याचे अर्थशास्त्र म्हणून जे शिकवले जाते त्याचा आरंभ बहुतेक जण त्या निबंधापासून धरतात.

ॲरो यांचे म्हणणे आपल्या भाषेत असे मांडता येईल. शनिवारच्या बाजारात आपण वांगी घेतो. किती लागतात हे आपल्याला ठाऊक असते. किडके वांगे ओळखता येते. भाव पटला नाही तर पुढच्या पाटीकडे जाता येते, आणि आज घेतलीच नाहीत तरी बिघडत नाही. बाजार न्याय्य आहे असे अर्थशास्त्र जेव्हा म्हणते, तेव्हा या चार गोष्टी त्याने गृहीत धरलेल्या असतात. आजारात यांतली एकही उरत नाही. आजार केव्हा येईल ते माहीत नसते. आल्यावर काय घ्यावे ते घेणाऱ्याला कळत नाही. घेतले ते चांगले होते की वाईट, हे पुष्कळदा बरे झाल्यानंतरही कळत नाही, कारण माणूस औषधाने बरा झाला की आपोआप, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, गिऱ्हाइकाला माल किती लागतो हे येथे विक्रेताच ठरवतो. पाच वांगी हवीत की पन्नास, हे वांगेवाल्याने ठरवावे आणि आपण मान डोलवावी, अशातला हा प्रकार! अडला हरी गाढवाचे पाय धरतो म्हणतात. येथे तर हरी अडलेलाही असतो आणि त्याच्या डोळ्यांवर पट्टीही असते.

मग असा बाजार आजवर चालला कसा? ॲरो यांचे उत्तर मोठे मार्मिक आहे. जेथे बाजार अपुरा पडतो तेथे समाज बाजाराबाहेरच्या संस्था उभ्या करून ती पोकळी भरून काढू पाहतो. वैद्याची शपथ, परवाना, परीक्षा, डॉक्टराने स्वतःची जाहिरात करू नये असा संकेत, गरिबाकडून कमी आणि श्रीमंताकडून जास्त घेण्याची जुनी रीत, हे सर्व त्या पोकळीवर घातलेले पूल होत. आपल्या गावात एके काळी पुडी बांधून देणारे आणि पैशाचे 'नंतर बघू' म्हणणारे डॉक्टर होते. आपण त्याला त्यांचा मोठेपणा म्हणत आलो, आणि तो मोठेपणा होताच. पण ॲरो वाचल्यावर कळते की तो मोठेपणा हाच त्या व्यवहाराचा आधारस्तंभ होता. रोग्याला पारख नव्हती. डॉक्टराच्या नीतीने ती उणीव भरून काढली होती.

याला दुसरी बाजू नाही असे नाही. शिकागो विद्यापीठाचे मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली, म्हणजे ॲरो यांच्या निबंधाच्या एकच वर्ष आधी, असे प्रतिपादन केले होते की परवान्याच्या पद्धतीचा उपयोग रोग्याच्या रक्षणापेक्षा धंद्यात शिरू पाहणाऱ्यांना बाहेर ठेवण्याकडेच अधिक होतो. डॉक्टर थोडे राहिले की त्यांचा भाव चढा राहतो, हे त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोडून काढता येत नाही. रोग्याच्या हितासाठी उभी राहिलेली संस्था हळूहळू संस्थाचालकांच्या हिताची होऊन बसते, हे आपण इतर क्षेत्रांतही पाहतोच. पण फ्रीडमन यांचा उपाय आमच्या खानापूरच्या पाहुण्याला सांगून पाहा. परवाने काढून टाका, विक्रेते वाढू द्या, पारख तू कर! तो पुन्हा तेच विचारील: बघायचे काय?

विक्रेत्याने मागणी ठरवली म्हणजे काय होते, याचा पुरावा शोधण्यासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की आपल्या देशात सरकारी संस्थांत होणाऱ्या बाळंतपणांपैकी शस्त्रक्रियेने झालेली १४.३ टक्के होती, तर खाजगी संस्थांत ४७.४ टक्के. काही अवघड केसेस खाजगीकडे जात असतील, काही घरांतूनच शस्त्रक्रियेची मागणी होत असेल, आणि सरकारी दवाखान्यात जेथे ती हवी होती तेथेही ती न झाल्याची उदाहरणे असतील. हे सर्व ध्यानात घेतले तरी तिपटीहून मोठी ही तफावत डोळ्यांत भरते. बायकांची शरीरे सरकारी आणि खाजगी अशा दोन प्रकारची नसतात!

असो. ॲरो यांनी प्रश्न मांडला. पण नुसता तर्क पुरेसा नसतो. त्यांच्यानंतरच्या अर्थशास्त्रज्ञांनी जे केले ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. त्यांनी मोजायला सुरुवात केली.

पहिला मोठा प्रयोग १९७४ साली अमेरिकेत सुरू झाला. रँड या संशोधनसंस्थेत तो झाला आणि त्याचे नेतृत्व जोसेफ न्यूहाउस यांनी केले. ते पुढे हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. सहा ठिकाणची सुमारे २,७५० कुटुंबे घेतली. कोणाला पूर्ण मोफत उपचार आणि कोणाला खर्चाचा काही भाग स्वतः सोसावा लागणारा विमा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबाने ठरवले. १९८२ पर्यंत हे काम चालले. निष्कर्ष दोन निघाले आणि दोन्ही लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा की, खिशातून पैसे द्यावे लागले की माणसे दवाखान्यात कमी जातात, आणि सर्वसाधारण धडधाकट माणसाच्या प्रकृतीवर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. एवढेच ऐकून काही मंडळी आनंदाने उठून गेली. फुकट दिले की माणसे उधळतात, असे त्यांना म्हणावयाचेच होते. पण दुसरा निष्कर्ष त्यांनी ऐकायला हवा होता. पैसे द्यावे लागले तेव्हा लोकांनी अनावश्यक उपचार टाळले, आणि आवश्यकही जवळजवळ त्याच प्रमाणात टाळले. आणि जे गरीबही होते व रक्तदाबासारख्या विकाराने पीडितही होते, त्यांची प्रकृती मोफत उपचारात अधिक सुधारली. याचा अर्थ काय? किंमत ही चाळणी आहे खरी, पण तिला गहू आणि खडा यांतला फरक कळत नाही. तो रोग्यालाही कळत नाही, कारण तो बैलाचे दात पाहू शकतो, स्वतःच्या हृदयाची झडप पाहू शकत नाही.

दुसरा प्रयोग २००८ सालचा, अमेरिकेतल्याच ऑरेगन राज्यातला. गरिबांच्या सरकारी विम्यात सुमारे दहा हजार जागा रिकाम्या होत्या. अर्ज नव्वद हजारांच्या आसपास आले. कोणाला द्यावे? राज्याने सोडत काढली. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयातील एमी फिंकेलस्टीन आणि तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या कॅथरिन बेकर या दोन विदुषींनी ओळखले की, ज्यांना चिठ्ठी लागली आणि ज्यांना लागली नाही, त्यांच्यात नशिबाखेरीज कसलाच फरक नाही. तेव्हा विम्याने काय साधते हे येथे स्वच्छ दिसेल. त्यांना असे दिसले की, विमा मिळालेल्यांची दवाखान्यातील ये-जा वाढली, खिन्नतेचा विकार लक्षणीय कमी झाला, आणि आजारामुळे कंबरडे मोडणारा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. पण पहिल्या दोन वर्षांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह यांच्या मापांत खात्रीने सांगता येईल असा फरक आढळला नाही. आणि विमा मिळाला म्हणजे तातडीच्या विभागातली गर्दी हटेल ही अपेक्षा होती, ती उलट ४० टक्क्यांनी वाढली! विम्याच्या बाजूच्यांना आणि विरोधकांना, दोघांनाही अडचणीचे वाटेल असे हे उत्तर आहे. म्हणूनच आमचा त्यावर विश्वास बसतो. ज्या मोजमापातून मोजणाऱ्याला हवे तेच नेहमी निघते, त्याचा काटा तपासून घ्यावा.

आता आपल्या देशात येऊ. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो ही नावे २०१९ च्या नोबेल पारितोषिकामुळे आपण ऐकली आहेत. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात त्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर काम केले. तेथे २००२-०३ च्या सुमारास वर्षभर दर आठवड्याला जाऊन पाहिले, तेव्हा आरोग्य उपकेंद्रे निम्म्याहून अधिक वेळा बंद आढळली. लस फुकट होती, पण देणारे माणूस जागेवर नव्हते. मग १३४ गावांत प्रयोग केला. काही गावांत ठरल्या दिवशी न चुकता लसीकरणाचे शिबिर भरवले. काही गावांत शिबिराबरोबर प्रत्येक लशीमागे आईला एक किलो डाळ आणि सर्व लशी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला. उरलेल्या गावांत काहीच केले नाही. सर्व लशी पूर्ण झालेल्या मुलांचे प्रमाण काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के, नुसत्या शिबिराच्या गावांत १८ टक्के आणि डाळीच्या गावांत ३९ टक्के निघाले. शिवाय डाळीचा खर्च धरूनही दर मुलामागे येणारा खर्च नुसत्या शिबिराच्या निम्म्यावर आला, कारण परिचारिकेचा दिवस रिकामा जात नव्हता. खेडवळ आई अडाणी असते, अंधश्रद्ध असते, म्हणून ती लस टोचून घेत नाही, असे आपण शहरी मंडळी किती सहज म्हणतो! एक किलो डाळीने ती अंधश्रद्धा विरघळत असेल तर ती अंधश्रद्धा नव्हती. तिची रोजंदारी बुडत होती आणि केंद्राला कुलूप होते, एवढेच.

आमचे इंदूर आणि ग्वाल्हेरकडील वाचक ज्या प्रदेशात राहतात त्या मध्य प्रदेशातला प्रयोग याहून धक्का देणारा आहे. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक माणसांना रोग्याचे सोंग वठवण्याचे शिक्षण दिले. एक जण छातीत दुखते म्हणून जाई, एक दम्याचा रोगी होई, एक जण घरी मूल आवरक्ताने आजारी आहे असे सांगे. २०१२ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यापाड्यांतल्या या 'डॉक्टरां'पैकी ६७ टक्क्यांपाशी वैद्यकाची कोणतीही पात्रता नव्हती. रोग्याला सरासरी साडेतीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळे. जे विचारायला व तपासायला हवे त्यातला सुमारे एकतृतीयांश भागच होई. आणि योग्य उपचार मिळत ते जेमतेम ३० टक्के वेळा. पुढे २०१६ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. सरकारी नोकरीत असून स्वतःचा खाजगी दवाखानाही चालवणाऱ्या डॉक्टरांकडे, त्याच डॉक्टरांकडे, सोंगाडे रोगी दोन्ही जागी पाठवले. खाजगी खुर्चीवर बसलेला डॉक्टर अधिक वेळ देत होता, अधिक प्रश्न विचारत होता, योग्य औषधही अधिक वेळा देत होता. माणूस एक, विद्या एक; खुर्ची बदलली की निष्ठा बदलली!

यावरून खाजगी ते सर्व चांगले असा अर्थ कोणी काढू नये; पात्रता नसलेले जे ६७ टक्के, त्यांचा भरणा खाजगीतच होता. आम्ही काढतो तो अर्थ असा की, ज्या खुर्चीपुढे जाब विचारणारा कोणी नसतो तेथे विद्या पेंगू लागते. सरकारी दवाखान्यात वरिष्ठ विचारत नाही आणि खाजगीत रोग्याला विचारता येत नाही. दोन्ही ठिकाणी उणीव एकच आहे. रोग्याच्या बाजूने दात पाहणारा जाणता माणूस तेथे नाही.

असा जाणता माणूस उभा करता येतो का? येतो, आणि त्याचा पुरावा आपण राहतो त्या राज्यातच मिळाला आहे. कर्नाटक सरकारने २०१० साली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी वाजपेयी आरोग्यश्री योजना सुरू केली. हृदयरोग, कर्करोग अशा मोठ्या आजारांवर मोफत उपचार, असे तिचे स्वरूप होते. प्रथम ती राज्याच्या उत्तर भागात आली, दक्षिणेत नंतर. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ नीरज सूद आणि बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे अर्णब मुखर्जी यांच्यासह काही संशोधकांनी या गोष्टीचा नेमका उपयोग केला. जेथपर्यंत योजना आली होती त्या रेषेच्या अलीकडची ३०० आणि पलीकडची २७२ गावे त्यांनी निवडली. पाणी तेच, पीक तेच, गरिबी तीच. फरक फक्त सरकारी नकाशावरच्या एका रेषेचा. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण गरीब कुटुंबांत रेषेपलीकडे ०.९० टक्के होते, रेषेअलीकडे ०.३२ टक्के.

बंधूंनो, नकाशावरच्या रेषेने माणसाच्या आयुष्याचे काय होते हे या सभागृहात कोणी कोणाला शिकवण्याची गरज नाही. पण ती रेषा श्वासाच्या हिशेबात मोजलेली आम्ही प्रथमच पाहिली. रेषेपलीकडच्या गावात जे गेले त्यांनी काही गुन्हा केला नव्हता. त्यांचे गाव यादीत नव्हते, इतकेच.

आणि ही योजना कशी चालत होती तेही पाहा. प्रत्येक उपचाराची रक्कम आधी ठरलेली होती. शस्त्रक्रियेपूर्वी इस्पितळाला सुवर्ण आरोग्य सुरक्षा न्यासाकडून मंजुरी घ्यावी लागे. खेड्यांत शिबिरे भरवून रोगी हुडकले जात. म्हणजे अंदाजपत्रकाचा कागद रोग्याच्या थरथरत्या हातात न पडता, ज्याला तो वाचता येतो अशा माणसाच्या टेबलावर जात होता. शेतकऱ्याच्या वतीने बैलाचे दात कोणीतरी पाहत होते. ॲरो ज्याला बाजाराबाहेरची संस्था म्हणतात ती हीच.

आता थोडे उणेही सांगितले पाहिजे. आकड्याला वेदना होत नाही, हा या शास्त्राचा मोठा दोष आहे. सरासरी सुधारली म्हणून अर्थशास्त्रज्ञ समाधानी होतो, पण सरासरी माणूस कोणाच्याही घरी आजारी पडत नाही. पडतो तो मुलगा, आई, नवरा. शिवाय जे मोजता येते तेच खरे, असे मानण्याची खोड या मंडळींना लागते. आणखी असे की, आपल्या योजनांचा भर इस्पितळात भरती होण्यावर आहे; रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, ताप आला म्हणून डॉक्टराला दिलेले पैसे, हे बव्हंशी घरच्या खिशातूनच जातात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा लहान नाही. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये त्या वर्षीही आजाऱ्याच्या घरातूनच निघाले.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातील ८६५ गावांना देण्याचा निर्णय घेतला. आम्ही त्याचे स्वागत केले, टीकाकारांना उत्तरेही दिली. पण आज या अर्थशास्त्रज्ञांकडून शिकलेला प्रश्न आपल्याच घरात विचारण्याचे धैर्य आपण दाखवले पाहिजे. किती कुटुंबांनी अर्ज केले? किती रोग्यांवर उपचार झाले? किती जण कागदाअभावी परत गेले? निर्णयाच्या बातमीला आपण आठ रकाने दिले; मोजणीला एकही दिला नाही. उपकेंद्राचा फलक लावला म्हणजे परिचारिका आली असे होत नाही, हे उदयपूरने शिकवले. तो धडा आपल्या बाजूच्या सरकारला लागू नाही, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

आणि याच शहराने २०१७ च्या नोव्हेंबरात जे पाहिले तेही विसरून चालणार नाही. खाजगी वैद्यकीय संस्थांवर नियंत्रण आणणाऱ्या कायद्याची दुरुस्ती तेव्हा कर्नाटक विधिमंडळापुढे होती. अधिवेशन बेळगावात होते, आणि हजारो खाजगी डॉक्टर दवाखाने बंद ठेवून निषेधासाठी येथे जमले होते. त्यांची काही गाऱ्हाणी रास्त होती. डॉक्टराला गुन्हेगार समजून केलेला कायदा कोणाचेच भले करीत नाही. शेवटी तो कायदा पुष्कळ मवाळ होऊन मंजूर झाला. आमच्या मनात आजही सलते ते निराळेच आहे. डॉक्टर संघटित होते, सरकारजवळ सत्ता होती. रोग्याच्या बाजूने त्या दिवशी रस्त्यावर कोण होते? आमरण उपोषणांचा आणि सत्याग्रहांचा इतिहास सांगणारे आपण, आजाऱ्यासाठी साधी सभासुद्धा भरवू शकलो नाही.

दोष दुसऱ्याला देऊन आम्ही सुटू पाहत नाही. आमच्याच वृत्तपत्राच्या एका पानावर डाव्या हाताला मदतीचे आवाहन असते आणि उजव्या हाताला इस्पितळाची पानभर रुंद जाहिरात. डॉक्टराने जाहिरात करू नये हा संकेत ॲरो यांनी विश्वासाची खूण म्हणून नोंदवला होता. त्या विश्वासाचे आम्ही चौरस सेंटिमीटरच्या दराने पैसे घेतले. आणि याहून मोठी चूक ही की, वर्षानुवर्षे आमच्या टेबलावर आलेली ती अंदाजपत्रके आम्ही पाहिली, परत केली, उरल्या प्रती रद्दीत घातल्या. कोणत्या शस्त्रक्रियेला कोठे किती आकारतात याचा जो लेखा विद्यापीठाला मोठ्या खर्चाने जमवावा लागेल, तो आमच्या कचेरीत चालत येत होता. या अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या, डाळ आणि सोंगाडे जमवून जे केले, त्याची सामग्री आमच्या रद्दीत होती!

म्हणून एक संकल्प येथे जाहीर करतो. यापुढे मदतीसाठी येणाऱ्या प्रत्येकाच्या संमतीने त्याच्या अंदाजपत्रकाची आणि शेवटच्या बिलाची प्रत आम्ही ठेवून घेऊ. रोग्याचे नाव-गाव झाकू. या शहरातील महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक येथे बसले आहेत. त्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन यावे, हे कागद लावावे, तपासावे, आणि जे निघेल ते निर्भयपणे सांगावे. इस्पितळांची बाजू खरी निघाली, यंत्रे महाग आहेत, तज्ज्ञ दुर्मीळ आहेत असे दिसले, तर तेही आम्ही त्याच ठिकाणी तितक्याच मोठ्या अक्षरांत छापू. आपणा नागरिकांना एवढेच सांगणे आहे की, दवाखान्यात दरपत्रक मागा, आणि ते रोग्याला वाचता येईल अशा भाषेत मागा. मराठी वाचणाऱ्यापुढे त्याला न समजणाऱ्या लिपीतला कागद ठेवून सही घेणे म्हणजे त्याच्या डोळ्यांवर दुसरी पट्टी बांधणे होय. चांगल्या डॉक्टराला या मागणीचा राग येणार नाही. त्याच्यापाशी लपवण्यासारखे काही नसते, आणि विश्वास ही त्याचीही मिळकत आहे.

खानापूरचा तो शेतकरी मुलगा बरा झाल्यावर पेढे घेऊन कचेरीत आला होता. त्याने ज्या इस्पितळात शस्त्रक्रिया केली ते महाग होते की स्वस्त, हे आम्ही विचारले. त्याने महागडेच निवडले होते. का, म्हणून विचारले तेव्हा तो म्हणाला, "पोराचा जीव म्हटल्यावर कमी पैशाचं घ्यायला धीर झाला नाही, साहेब." कमी आकड्याचा कागद कदाचित तितकाच चांगला असेल, कदाचित नसेलही. त्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता. त्या अज्ञानाची किंमत त्याने जमिनीचा तुकडा विकून आणि आपण वर्गणी पाठवून भरली.

पुढच्या वेळी असा कोणी पिशवी घेऊन आला आणि 'बघायचे काय' म्हणून त्याने विचारले, तर त्याच्यापुढे ठेवायला आमच्यापाशी निदान एक वही असावी, एवढीच आमची इच्छा आहे. ती वही भरण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.